आकाशाची साक्ष

कांहीं महिन्यांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. तालुक्याच्या गांवीं एका शाळेंत तो गणित शिकवितो. धर्मानें मुसलमान, वृत्तीनें अभ्यासू आणि स्वभावानें मितभाषी. त्यानें बरोबर एक जाड वही आणली होती. प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूस कुराणांतील एखाद्या वचनाचा आशय आणि दुसऱ्या बाजूस खगोलशास्त्रांतील एखादा अर्वाचीन शोध, अशी तिची रचना होती. विश्व प्रसरण पावत आहे, हा शोध १९२९ सालचा. त्याच्या समोर, परमेश्वरानें आकाश उभारलें व विस्तारिलें अशा अर्थाचें वचन. ठरावीक अंतरानें स्पंद पाठविणारे तारे १९६७ सालीं सांपडले. त्यांच्या समोर, रात्रीं येऊन दार ठोठावणाऱ्या ताऱ्याची शपथ. सूर्याभोंवतीं फिरणारे ग्रह. त्यांच्या समोर, काबागृहाभोंवतीं सात फेरे घालणारे यात्रेकरू. अशीं साठ-सत्तर पानें भरलीं होतीं. "सर, हें छापावें असें मनांत आहे. प्रस्तावनेचे चार शब्द आपण लिहून द्यावे," एवढेंच तो म्हणाला.

वही मीं ठेवून घेतली आणि पुढें दोन महिने त्याला कांहींच कळविलें नाहीं. नकार द्यावयाचा तर तो कशाच्या आधारावर द्यावा, हें माझें मलाच उमगत नव्हतें. श्रद्धावान् मनुष्याला आकाशाकडे पाहून आपल्या धर्माची खूण पटत असेल, तर त्यांत दुसऱ्याचें काय बिघडतें? त्यानें कोणाचें धन हिरावून घेतलें नव्हतें कीं कोणाच्या धर्माची निंदा केली नव्हती. उलट, या वहीच्या निमित्तानें त्याला स्वतःला ताऱ्यांची ओळख झाली होती आणि आपल्या शाळेंतील मुलांना तो ते दाखवूं लागला होता. मग माझ्या मनाला खटकत होतें तें काय? धर्मवचन आणि शास्त्रीय शोध यांत सादृश्य शोधणें हा एक निरुपद्रवी छंद आहे, कीं त्यांत सत्याचा कांहीं अपराध घडतो, असा हा प्रश्न आहे. आणि तो केवळ एका वहीपुरता किंवा एका धर्मापुरता नाहीं.

एका धर्मापुरता नाहीं, हें आरंभींच स्पष्ट केलें पाहिजे. वेदांत विमानें पाहणारे आणि दशावतारांत उत्क्रांतिवाद वाचणारे आपल्यांतहि पुष्कळ आहेत. १९५१ सालीं रोम येथें पोप बारावे पायस यांनीं, विश्वाला कालांत आरंभ आहे असें सांगणाऱ्या नव्या सिद्धांतांत जगदुत्पत्तीच्या ख्रिस्ती कल्पनेला पाठबळ पाहिलें. त्या सिद्धांताचा एक जनक जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथॉलिक धर्मगुरु होता. त्याला मात्र हें रुचलें नाहीं. आपला सिद्धांत धर्मविषयक प्रश्नांच्या कक्षेबाहेर राहतो, असेंच त्याचें मत होतें. धर्माला आणि शास्त्राला अशा दोहोंनाहि ज्यानें आयुष्य वाहिलें, त्यानेंच या विवाहाला हरकत घ्यावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां वहींतील सादृश्यें तपासूं. यात्रेकरू काबेला प्रदक्षिणा घालतात ती तिला डाव्या हाताला ठेवून, म्हणजे घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें; ग्रहहि सूर्याभोंवतीं त्याच दिशेनें फिरतात, असें वहींत म्हटलें होतें. हें खरें आहे, पण तें सूर्यमालेकडे उत्तरेच्या बाजूनें पाहणाऱ्याला. दक्षिणेच्या बाजूनें पाहिल्यास तेच ग्रह कांट्यांच्या दिशेनें फिरतांना दिसतील. म्हणजे ही दिशा पाहणाराच्या जागेवर अवलंबून आहे. सात या संख्येविषयीं म्हणाल, तर सूर्यचंद्रांसह सात ग्रह मोजणाऱ्या प्राचीनांना तिचें नवल वाटलें असतें. आज सूर्याचे ग्रह आठ मानतात. विश्वाच्या प्रसरणाची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९१७ सालीं आइन्स्टाइननें गणितानें मांडलेलें विश्व स्थिर होतें, आणि तें स्थिर राहावें म्हणून त्यानें समीकरणांत एक पद मुद्दाम घातलें होतें. १९१७ ते १९२९ या बारा वर्षांत एखाद्यानें अशी वही लिहावयास घेतली असती, तर त्याला स्थिर विश्वाचें वचन सांपडलें नसतें असें कोण म्हणेल? आकाशाला सुरक्षित छत म्हणणारें वचनहि त्याच ग्रंथांत आहे. १९९८ सालीं प्रसरणाचा वेग वाढत असल्याचें दिसून आलें. उद्यां आणखी कांहीं दिसून येईल. शोध लागल्यावर वचन सांपडल्याचीं उदाहरणें वहींत पानोपानीं होतीं. वचनावरून शोध लागल्याचें उदाहरण एकहि नव्हतें. अशा सादृश्यानें खगोलशास्त्राच्या पदरांत कांहींच पडत नाहीं, आणि श्रद्धा मात्र दर पिढीला बदलणाऱ्या सिद्धांताच्या घरीं भाडेकरू होऊन राहते.

तथापि येथेंच थांबून, इस्लामचा आणि खगोलशास्त्राचा कांहीं संबंधच नाहीं असें म्हणणें ही दुसऱ्या टोंकाची चूक होईल. संबंध आहे, तो जुना आहे आणि जिवंत आहे. मुसलमानाच्या पांच वेळच्या नमाजाचे काल सूर्याच्या स्थितीवरून ठरतात: पहांट फुटणें, सूर्य माथ्यावरून कलणें, सावली ठरावीक लांबीची होणें, सूर्यास्त आणि संधिप्रकाशाचा लोप. नमाजाच्या वेळीं तोंड मक्केकडे करावयाचें, तर पृथ्वीच्या गोलावर आपण कोठें आहों आणि मक्का कोठें आहे, हें ठाऊक असलें पाहिजे. आपल्याकडे 'पश्चिमेकडे तोंड करून' असें सर्रास म्हणतात. पण मुंबईहून मक्केची दिशा ठीक पश्चिम नसून तिच्यापासून सुमारें दहा अंश उत्तरेकडे कललेली आहे. वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, सूर्य मध्यान्हीं बरोबर काबेच्या माथ्यावर येतो. त्या वेळीं आपल्याकडे दुपारचे पावणेतीन ते तीन वाजलेले असतात, आणि ज्याला सूर्य दिसतो त्याला मक्केची दिशा कोणालाहि न विचारतां कळते. तेराव्या शतकांतील नसीरुद्दीन तूसी या ज्योतिर्विदाला ही युक्ति माहीत होती.

या गरजांमुळें मोठ्या मशिदींत कालनिर्णय करणारा अधिकारी नेमण्याची पद्धत पडली. त्याला 'मुवक्कित' म्हणत. चौदाव्या शतकांत दमास्कस येथील उमय्यद मशिदींत इब्न अल्-शातिर हा या पदावर होता. त्यानें चंद्राच्या गतीचें जें गणित बसविलें, तें १५४३ सालीं कोपर्निकसनें प्रसिद्ध केलेल्या चंद्रगणिताशीं जुळतें, ही गोष्ट विसाव्या शतकांत उघडकीस आली. हा मनुष्य प्रार्थनेची वेळ सांगण्यासाठीं नेमलेला होता. धर्मानें त्याला वेळ अचूक सांगण्याची जबाबदारी दिली. चंद्राची गति मात्र त्याला आकाश पाहून आणि गणित करूनच काढावी लागली. धर्म आणि खगोलशास्त्र यांचा जो संबंध मला खरा वाटतो तो या जातीचा आहे. तो निष्कर्षांचा संबंध नसून कर्तव्याचा आहे.

हें कर्तव्य कोणतें, तें चंद्रदर्शनाच्या रूढींत सर्वांत स्पष्ट दिसतें. चांद्रमास सरासरीनें २९ दिवस १२ तास ४४ मिनिटांचा असतो, म्हणून हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें होतें. आपण अधिक मास धरून चांद्रवर्ष ऋतूंशीं जुळवून घेतों. इस्लामनें अधिक मास निषिद्ध मानला, त्यामुळें रमजानचा महिना सुमारें ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. परंपरेप्रमाणें महिन्याचा आरंभ कोर डोळ्यांनीं पाहून ठरतो, आणि ज्यानें ती पाहिली त्याला साक्ष द्यावी लागते. साक्षीला अरबी शब्द 'शहादा'. ईश्वर एकच आहे आणि महंमद हे त्याचे प्रेषित आहेत, ही जी इस्लामची मूळ प्रतिज्ञा, तिलाहि हाच शब्द आहे. या शब्दैक्यांत मला मोठा अर्थ दिसतो. चंद्रकोरीच्या साक्षीदाराला कोर दिसावी असें कितीहि वाटत असलें, तरी दिसली असेल तरच दिसली म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. ढग आले, तर ढग आले असें सांगावें आणि चालू महिन्याचे तीस दिवस पुरे करावे, असा नियम आहे. अनिश्चिततेसाठीं धर्मानेंच येथें जागा राखून ठेविली आहे.

आणि तरीहि मनुष्याचा डोळा इच्छेचा दास आहे. चंद्र सूर्यापासून सुमारें सात अंशांच्या आंत असतां त्याची कोर नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहीं, असें दांजों या फ्रेंच ज्योतिर्विदानें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत दाखवून दिलें. पण अशा संध्याकाळींहि कोर पाहिल्याचें सांगणारे साक्षीदार निघतात. ते लबाड असतात असें नाहीं. ईदच्या ओढीनें त्यांच्या डोळ्यांपुढें कोर उभी राहते. तुर्कस्तानसारख्या देशानें गणित प्रमाण मानलें, दुसऱ्या अनेकांनीं प्रत्यक्ष दर्शन प्रमाण मानलें. त्या वादांत पडण्याचा मला अधिकार नाहीं. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, माझ्या विद्यार्थ्याची वही ही अशाच एका उतावीळ साक्षीदाराची वही होती. तिच्यांत खोटें कांहीं नव्हतें. जें दिसावें असें वाटत होतें तेंच तिच्यांत सर्वत्र दिसत होतें.

वहीचें शेवटचें पान माझ्या वाचण्यांत उशिरां आलें. त्याच्या वडिलांचें देहावसान ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं झालें होतें. त्या रात्रीं अकरा वाजल्यापासून खग्रास चंद्रग्रहण होतें, हें वाचकांस स्मरत असेल. पानाच्या एका बाजूस वडिलांचें नांव होतें आणि दुसऱ्या बाजूस ग्रहणाच्या स्पर्शाची व मोक्षाची वेळ. त्याखेरीज त्या पानावर एकहि शब्द नव्हता. ही वही कोणत्या दुःखांतून भरली गेली, हें मला तेव्हां कळलें, आणि नकार देणें पहिल्यापेक्षां अवघड होऊन बसलें.

परंतु त्याच पानानें मला उत्तरहि सुचविलें. आणि तें माझें नव्हे, त्याच्याच परंपरेंतलें आहे. महंमद पैगंबरांचा मुलगा इब्राहीम मदिना येथें वारला, तेव्हां तो पुरा दोन वर्षांचाहि नव्हता. त्याच दिवशीं सूर्याला ग्रहण लागलें. अर्वाचीन गणितावरून हें ग्रहण २७ जानेवारी ६३२ चें असावें असें मानतात. पैगंबरांच्या पुत्रशोकानें सूर्यहि काळवंडला, असें लोक बोलूं लागले. सूर्य आणि चंद्र या ईश्वराच्या खुणा आहेत, कोणाच्या मरणानें किंवा जन्मानें त्यांना ग्रहण लागत नाहीं. ग्रहण पाहाल तेव्हां प्रार्थना करा, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिल्याचें हदीसग्रंथांत नमूद आहे. त्या क्षणाचा विचार करावा. धर्मसंस्थापकाला आकाशाची याहून अनुकूल साक्ष कोणती मिळावयाची होती? लोक ती आपण होऊन देऊं करीत होते. नुसतें मौन धरलें असतें, तरी ती पदरांत पडली असती. आणि शोकाकुल पित्याला त्या समजुतीनें थोडा धीर आला असता, तर त्याला दोष कोणी दिला असता? तरी त्यांनीं ती साक्ष परत केली. ग्रहणाचें गणित त्यांनीं सांगितलें नाहीं, तें त्यांचें क्षेत्रहि नव्हतें. आपल्या दुःखाचा आणि सूर्याच्या काळोखाचा संबंध जोडण्यास मात्र त्यांनीं नकार दिला. खगोलशास्त्राचा आणि इस्लामी अध्यात्माचा खरा मिलाफ मला या नकारांत आढळतो.

हा धागा पुढेंहि तुटलेला नाहीं. १०९५ सालीं 'तहाफुत' हा तत्त्ववेत्त्यांवर टीका करणारा ग्रंथ अल्-गजाली यांनीं पुरा केला. ग्रहणाचें गणित सिद्ध झालेलें असतां तें खोडून काढणें म्हणजे धर्मरक्षण असें जो समजतो, तो धर्माच्या उघड शत्रूपेक्षांहि धर्माचें अधिक नुकसान करतो, असें त्यांनीं प्रास्ताविकांतच बजाविलें आहे. हे गजाली कांहीं शुष्क तर्कवादी नव्हते. पुढें बगदादचें मानाचें अध्यापकपद सोडून त्यांनीं सूफी मार्ग पत्करला. आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथांत ते ताऱ्याचेंच उदाहरण घेतात: डोळ्याला तारा एका दिनाराएवढा दिसतो, पण तो पृथ्वीहून मोठा आहे असें भूमिति सिद्ध करते. डोळ्यावर बुद्धि न्यायाधीश झाली, तर बुद्धीवरहि आणखी कोणी न्यायाधीश नसेल कशावरून, या शंकेनें ते सुमारें दोन महिने व्याकुळ झाले होते. येथें खगोलशास्त्र धर्माचा पुरावा म्हणून आलेलें नाहीं. आपल्याला जें उघड दिसतें तें चुकीचें असूं शकतें, ही नम्रता शिकविणारा गुरु म्हणून तें आलें आहे.

या बाबतींत आपण हिंदूंनीं मान उंचावून बोलावें अशी स्थिति नाहीं. मदिनेंतील ग्रहणाच्या चारच वर्षें आधीं, ६२८ सालीं, ब्रह्मगुप्तानें 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला. ग्रहणें छायेमुळें होतात हें त्याला पूर्ण अवगत होतें, त्याचें गणित तो अचूक देतो. आणि तरीहि राहूला नाकारणें वेदस्मृतींच्या विरुद्ध आहे, असें तो म्हणतो. अकराव्या शतकांत हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा अल्-बीरूनी हा ब्रह्मगुप्ताच्या गणिताचा चाहता होता, पण या जागीं तो त्याच्यावर नाराज होतो. जाणत्या मनुष्यानें आपल्या विवेकाविरुद्ध असें लिहिलें तें सॉक्रेटिसासारख्या गतीच्या भीतीनें तर नसेल, असा त्याला संशय येतो. मला ही टीका घरच्यासारखी लागते. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं सूर्यग्रहण झालें तेव्हां मी शाळकरी मुलगा होतों. पंचांगांतली वेळ मिनिटास मिनिट कशी जुळते हें माझे वडील घड्याळ हातांत घेऊन कौतुकानें दाखवीत होते. आणि त्याच वेळीं आमच्या घराच्या खिडक्या बंद होत्या, पाण्यांत तुळशीचीं पानें पडलीं होतीं आणि गर्भार काकूला ग्रहण सुटेपर्यंत अंधाऱ्या खोलींत बसविलें होतें. ब्रह्मगुप्त त्या दिवशीं आमच्याच घरांत होता. माहीत असणें आणि माहीत असलेल्याची साक्ष देणें यांत किती अंतर असतें, हें मीं तेथें पाहिलें आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं, मग श्रद्धावंतानें आकाशाकडे पाहूंच नये कीं काय? पाहावें, कुराण तर पुनःपुन्हां पाहावयास सांगतें. त्या ग्रंथांतील वचनाला 'आयत' म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच खूण असा आहे. परंतु खूण आणि पुरावा यांत भेद आहे. खूण आपल्याला पुढें जावयास सांगते. पुरावा मिळाला कीं आपण तेथेंच थांबतों. त्याच ग्रंथांत पूर्वजन्मीच्या नव्हे, पण फार प्राचीन काळच्या इब्राहीम पैगंबरांची कथा आहे. त्यांना प्रथम तारा ईश्वर वाटला, मग चंद्र, मग सूर्य. आणि जें जें मावळलें तें तें त्यांनीं सोडून दिलें. सिद्धांतहि उगवतात आणि मावळतात. मावळणाऱ्या वस्तूला श्रद्धेचा आधार करूं नये, हा त्या कथेचा बोध वहीच्या प्रत्येक पानाला लागू पडतो.

आणि प्रामाणिक साक्षीचें फळ पाहावयाचें असेल, तर आणखी एक उदाहरण घ्यावें. इस्फाहान येथील अब्दुर्रहमान अल्-सूफी यानें ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांत देवयानी नक्षत्राच्या वर्णनांत एका लहानशा ढगासारख्या ठिपक्याची त्यानें नोंद केली. त्याचा अर्थ काय, तो कशाची खूण, याचा घोळ त्यानें घातला नाहीं; जें दिसलें तें लिहून ठेविलें. १९२५ सालीं हबलच्या निरीक्षणांवरून जगाला कळलें कीं, तो ठिपका म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र तारकानगरी आहे. तिचें अंतर आज सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें मानतात. जें दिसलें त्यांत सूफीनें पदरचें कांहीं घातलें नाहीं, म्हणूनच त्याची ती ओळ साडेनऊशें वर्षांनंतरहि खरी राहिली.

हें सर्व मीं माझ्या विद्यार्थ्याला सविस्तर पत्रानें कळविलें. प्रस्तावना लिहीत नाहीं, असेंहि स्पष्ट लिहिलें. मदिनेची गोष्ट त्याला लहानपणापासून ठाऊक होती, म्हणून ती मीं एका वाक्यांतच लिहिली. त्याचें उत्तर तीन आठवड्यांनीं आलें. वही छापण्याचा विचार त्यानें तूर्त बाजूला ठेविला आहे. हल्लीं प्रत्येक चांद्रमासाच्या एकोणतिसाव्या संध्याकाळीं तो शाळेच्या गच्चीवर मुलांना घेऊन जातो आणि एका कोऱ्या वहींत तारखेपुढें 'दिसली', 'दिसली नाहीं' किंवा 'ढग' यांपैकीं एक शब्द लिहवून घेतो. जुन्या वहीचें शेवटचें पान त्यानें काढून टाकलेलें नाहीं. टाकावें असें मीं सुचविलेंहि नव्हतें. दोन गोष्टी एका रात्रीं घडल्या, एवढीच त्या पानाची साक्ष आहे, आणि तेवढी ती खरी आहे.